कोंबडे मोजू नका, आधी कोंबडीची पाठ बघा

ह्या वेळी खुडूक बसलेल्या कोंबडीखाली बारा अंडी ठेवली होती, दहा पिल्लं निघाली, दोन घारीने उचलली आणि उरलेल्या आठात सहा नर निघाले. आधीचा मोठा तांबडा धरून सात कोंबडे आणि अंडी देणाऱ्या कोंबड्या नऊ. परस केवढं, तर मागच्या दारापासून विहिरीपर्यंत. ज्यांनी कधी गावठी कोंबड्या पाळल्यात त्यांना पुढचं काय ते सांगायला नकोच, पण नर जास्त झाले तर काय करायचं असं नव्याने पाळणारे बरेच लोक हल्ली विचारतात म्हणून सगळं नीट लिहितेय.

पहिली गोष्ट, नर जास्त निघाले तर त्यात कुणाचा दोष नसतो. साधारण निम्मे नर निम्म्या माद्या हा हिशोब हजार अंड्यांना बरोबर बसतो, आठ-दहा पिल्लांत सहास दोन अगदी सहज होतं. आणि नर की मादी हे कोंबड्यांमध्ये आईकडून ठरतं, माणसात जसं बापाकडून ठरतं त्याच्या बरोबर उलट, त्यामुळे कोंबडा बदलून माद्या वाढतील असं काही नाही. आमच्याकडे जुनी माणसं लांबट अंडं नराचं आणि गोल अंडं मादीचं म्हणून गोल अंडी निवडून ठेवतात, सासूबाई अजूनही ठेवतात, पण त्याने फरक पडत नाही. दीड-दोन महिन्यांनी ज्याचा तुरा आधी लाल व्हायला लागतो, पाय जाड दिसतात, तो नर धरायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शेपटीच्या मुळाशी लांब टोकदार चकचकीत पिसं आली की मग शंकाच नको. तिथूनच ठरवायला लागा कोण राहणार आणि कोण जाणार, कारण पुढचे दोन महिने फार भरभर जातात.

कारण चौथ्या-पाचव्या महिन्यात हे सगळे एकदम वयात येतात आणि त्रास सुरू होतो तो कोंबड्यांना. मोठा कोंबडा कसा असतो बघा, दाणा किंवा किडा दिसला की आधी टुक टुक करून कोंबड्यांना बोलावतो, स्वतः खात नाही, एक पंख खाली पाडून गोल फिरतो, ती बसली तर बसली नाहीतर निघून जातो. पोरगेल्या नरांना ह्यातलं काही येत नसतं, ते नुसते मागे धावतात, मानेची पिसं धरून ओढतात, एक उतरला की दुसरा चढतो, आणि तीही बहुतेक वेळा तीच एक गरीब कोंबडी असते जी पळत नाही. लोक नरांची मारामारी बघतात आणि म्हणतात अजून भांडत नाहीत, चाललंय की. अहो पण भांडण हे नंतरचं आहे, तुम्ही आधी कोंबडीची पाठ बघा. पाठीवरची पिसं मोडलेली, डोक्यामागे टक्कल, आणि पंख उचलून बघितलात तर बगलेत कातडी फाटलेली, वरून काहीच दिसत नाही म्हणून हात लावून बघायचंच. कोंबडी सकाळी दांडीवरून खाली उतरायला तयार नसेल, दिवसभर खुराड्यात किंवा लाकडांच्या माचाखाली लपत असेल, तुरा फिकट पडला असेल आणि अंडी कमी झाली असतील, तर तो रोगच असेल असं नाही, बहुतेक तिला कोंबडे जास्त झालेत. आमच्याकडे पावसात हे फार वाईट, ओल्या जखमेवर माशा बसतात आणि बघता बघता अळ्या पडतात. एवढ्याशा जिवाला असं बघितलं की मला जेवण जात नाही खरंच.

तर किती ठेवायचे? गावठीला आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. नवांना एकच बस झाला. दुसरा ठेवायचाच असेल, म्हणजे मोठ्याला मुंगसाने नेलं तर असावा म्हणून, तर तो वेगळा ठेवा. लहान परसात दोन कोंबडे म्हणजे कोंबड्यांना लपायला जागाच उरत नाही, मोठ्या मोकळ्या आवारात गोष्ट वेगळी. आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही हेही एकदा सांगून टाकते, कोंबडी कोंबड्याशिवाय तेवढीच अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. उलट एप्रिल-मे महिन्यात कोंबडा वेगळा ठेवलेला बरा, फळलेलं अंडं कोकणातल्या त्या उकाड्यात पडून राहिलं की आत पिल्लू धरायला लागतं आणि फोडल्यावर रक्ताची रेघ दिसते, मग ते अंडं कुणी खात नाही. पण वेगळा केला म्हणून दुसऱ्या दिवसापासून अंडी वांझ येत नाहीत हां, कोंबडीच्या पोटात बीज दोन-तीन आठवडे टिकतं.

कुठला ठेवायचा ह्यावर आमच्या घरात दरवेळी वाद होतात. मुलांना उघड्या मानेचा हवा असतो, ह्यांना सगळ्यात मोठा. मी फक्त वागणं बघते. घार दिसली की हा कसा ओरडतो, आकाशातल्या संकटाचा आवाज वेगळा असतो आणि जमिनीवरच्या कुत्र्या-मुंगसाचा वेगळा, कोंबड्यांना दोन्ही कळतात आणि त्या तशा पळतात, हे ज्याला जमतं तो लाखमोलाचा. खाणं दिलं की आधी बोलावतो की आधी तुटून पडतो, तेही बघते. आणि माणसावर धावून येणारा कोंबडा, मग तो कितीही देखणा असो, आमच्या परसात राहत नाही. घरात लहान पोरं असताना पायावरच्या त्या काट्याशी खेळ नको, आणि असला स्वभाव पिल्लांतही उतरतो.

आरवण्याचंही सांगते कारण शेजारच्या काकूंनी दोनदा विषय काढलाय, आणि त्यांचं चूक नाही. एक कोंबडा पहाटे आरवतो ते कुणाला खुपत नाही, सात जण एकापाठोपाठ एक सुरू झाले की खुपतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पहाटेचं आरवणं उजेड बघून नसतं, कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं. नंतर २०१५ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की कळपात ज्याचा मान मोठा तो आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून क्रमाने, आणि मोठ्याला काढलं तर दोन नंबरचा सुरुवात करतो. म्हणजे सगळ्यात मोठ्याने ओरडणारा काढून शांतता होईल असं समजू नका, संख्याच कमी करायला लागते.

आता बाकीच्यांचं काय. आम्ही त्यांना गोठ्यामागे जाळी मारून वेगळं ठेवतो, कोंबड्या डोळ्याला दिसणार नाहीत असं. माद्या नजरेसमोर नसतील तर एकत्र वाढलेले नर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात, फक्त खाण्याची भांडी दोन-तीन ठेवायची, आडोशाला एखादी फळी तिरकी लावायची, आणि एकदा बाहेर काढलेला किंवा नवा कोंबडा परत त्यात सोडायचा नाही. पण हे कायमचं नाही परवडत. मोठा कोंबडा दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा खातो, महिन्याला तीन ते पावणेचार किलो, आणि सहा महिन्यांनंतर वजन काही तेवढं वाढत नाही.

म्हणून अंडी कधी बसवायची हे आधी ठरवलं पाहिजे. संक्रांतीनंतर बसवली की एकवीस दिवसांनी फेब्रुवारीत पिल्लं, पावसाच्या आधी ती हाताशी येतात, आणि आखाडात, गटारीच्या आधी, बरोबर पाच महिन्यांचे कोंबडे तयार. तेव्हा गावठी कोंबड्याला लोक घरी येऊन विचारतात. फेब्रुवारीअखेरीस बसवली तर ते नेमके श्रावणात तयार होतात, आणि श्रावणात कोण घेतंय? मग गौरीच्या तिखट्या, म्हणजे मांसाहारी सणापर्यंत थांबायचं, तेव्हा चाकरमानी आलेले असतात, तोपर्यंत दाणा तुमचा. राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायलाही लोक कोंबडा मागतात, तो बहुतेक ओळखीतच जातो.

आम्हीही खातो, लपवायचं काही नाही. पाच-सहा महिन्यांचा कोंबडा मऊ शिजतो, वर्षाच्या पुढचा असेल तर सागुतीला चुलीवर वेळ द्यायचा. पण आदल्या रात्री वेगळ्या डालग्याखाली ठेवायचा, धारदार सुरी, बाकीच्यांच्या समोर नाही. बाजारात पाय बांधून उलटे लटकवून नेतात ते मला बघवत नाही, टोपलीत नेता येतात की. आणि बाजारातून न विकता परत आलेला कोंबडा थेट कळपात सोडायचा नाही, दोन-तीन आठवडे लांब ठेवायचा, मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, अशीच घरात येते आणि मग नर-मादी सगळंच जातं.

झुंजीसाठी कोंबडा मागायलाही येतात, पैसे जास्त देतात. आम्ही देत नाही. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने झुंज लावणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधायला मी माझ्या हाताने वाढवलेलं जनावर दिलं नसतं. कुणी म्हणतं रानात सोडून या, तेही नको, खुराड्यात वाढलेला कोंबडा तिथे कोल्ह्याच्या तोंडी जाणार.

ह्या सहातले चार गटारीच्या आधी गेले, एक आम्ही खाण्यासाठी ठेवला होता तो घरी झाला, आणि एक शांत, काळा-तांबडा, अजून जाळीत आहे. कोंबड्यांची उपटलेली पिसं परत यायला लागलीत, मुळाशी मोडलेली मात्र पिसं झडायच्या हंगामापर्यंत तशीच राहतील, त्याला इलाज नाही. हा काळा-तांबडा मला त्याच्याच आया-बहिणींवर सोडायचा नाहीये, रक्त बदललं पाहिजे. चिपळूण-गुहागर बाजूला कुणाकडे शांत स्वभावाचा गावठी कोंबडा असेल आणि तुमच्याकडेही बदली हवी असेल तर खाली लिहा, अदलाबदल करू. तुमचा मी आधी तीन आठवडे वेगळा ठेवेन, तुम्हीही माझा तसाच ठेवा.