तुम्ही विचारलंत म्हणून: फरक कधी दिसला?

माझा सहा वर्षांपूर्वीचा फोटो पाहिला की लोक हमखास विचारतात, “जिमला जाऊन किती दिवसांत फरक दिसला?” काही जण त्याला शेपूट जोडतात, “आणि खरं सांगा, काय घेतलंत?”

शेपटाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पोटभर जेवण, सात-आठ तास झोप आणि दिवसाला ५ ग्रॅम क्रिएटिन, म्हणजे व्यायाम करणारे घेतात ती एक पूरक पावडर. स्टेरॉइड घेतली नाहीत. घेणारे माझ्या शेजारच्या बेंचवरच होते, त्यांचे दंड महिन्याभरात शर्टातून बाहेर यायला लागलेले मी पाहत होतो, आणि मोह झाला नाही म्हणालो तर ती थाप होईल. भीती मोहापेक्षा मोठी निघाली, एवढंच.

मूळ प्रश्नाला मात्र मी दरवेळी अडखळतो. “तीन महिने” म्हटलं की समोरचा खूश होतो. तेवढं थांबायची प्रत्येकाची तयारी असते. पण फरक दिसला, तो कोणाला? माझ्या बाबतीत तो प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी दिसला, आणि माझा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

सुरुवात केली तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो, वजन ८४ किलो. पहिल्या दिवशी बेंच प्रेसला आडवा झालो. बारला एकही प्लेट नव्हती, नुसता २० किलोचा रिकामा बार. तो छातीपर्यंत खाली आणला, ते सोपं होतं. वर ढकलताना उजवा हात निघाला आणि डावा तिथेच राहिला. एका पारड्यात काहीच नसलेल्या तराजूसारखा बार कलला. शेजारचा विशीतला एक मुलगा उठला, बारच्या खाली दोन बोटं लावली आणि म्हणाला, “काका, श्वास सोडा.” श्वास सोडला, बार वर गेला. त्याने उचलून दिला असं म्हणता येणार नाही, कारण दोन बोटांनी कोण किती उचलणार? त्या दिवशी ‘काका’ जास्त लागलं की ती दोन बोटं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

घरी येऊन एक वही काढली. माझं पोटापाण्याचं काम हिशेबाचं, त्यामुळे लिहिल्याशिवाय काही घडलं असं मला वाटतच नाही. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स (एका दमात किती वेळा उचललं) आणि सेट (अशा किती फेऱ्या). दर रविवारी सकाळी टेपने दंड, छाती, कंबर. आठ आठवड्यांनी वही चाळली तर बेंच प्रेस २० वरून ४० किलोवर गेलेला आणि दंड होता तिथेच, साडेबारा इंच. ताकद दुप्पट आणि स्नायू तेवढाच! मला वाटलं टेप सैल धरतोय. पुन्हा मोजलं. साडेबाराच.

यामागचं कारण समजलं तेव्हा मला व्यायाम खऱ्या अर्थाने आवडायला लागला. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती बरीचशी ताकद मज्जासंस्थेची असते. स्नायूत तंतू पुष्कळ असतात, पण एकदम किती जणांना कामाला लावायचं आणि कोणत्या क्रमाने, हे मेंदूला शिकावं लागतं. माझा डावा हात कमजोर होताच, त्याहून जास्त तो अडाणी होता. तंतू जाड व्हायला लागतात, पण नजरेला पटेल एवढे जाड व्हायला वेळ लागतो. म्हणजे पहिला फरक वहीला दिसला, आणि वही नसती तर “काही होत नाही” म्हणून मी दुसऱ्या महिन्यात घरी बसलो असतो. पुष्कळ जण नेमके तिथेच बसतात.

पुढचं सगळं एकाच सूत्रावर चालतं: आज जे झेपलं त्याच्यात उद्या थोडी भर. ग्रीक दंतकथेतला क्रोटोनचा मिलो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासराचा बैल झाला तरी तो चालतच राहिला. दंतकथा सोडा, पण दुसऱ्या महायुद्धात थॉमस डिलॉर्म या अमेरिकन डॉक्टरने जखमी सैनिकांवर हेच करून दाखवलं. हलकं वजन आणि खूप आवर्तनं ही तेव्हाची रीत मोडून त्याने जड आणि चढत जाणारं वजन दिलं, आणि दुखावलेले पाय लवकर भरून आले. १९४५ साली त्याने हे काम प्रसिद्ध केलं. दहा-दहाचे तीन सेट आपण आज डोळे मिटून मारतो, ती पद्धतही त्याच्याच पुढच्या कामातून आली. मला त्याच्याबद्दल जास्त आवडते ती वेगळीच गोष्ट: पोरवयात संधिवाताच्या तापाने तो अंथरुणाला खिळला होता आणि वजनं उचलूनच त्याने स्वतःला उभं केलं होतं. रुग्णांना सांगण्याआधी त्याने ते स्वतःवर वापरलेलं होतं.

‘थोडी भर’ यातला ‘थोडी’ हा शब्द मी पाचव्या महिन्यात विसरलो. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं, चालू होता, पाठ गोल व्हायला लागली होती, आणि मागून ट्रेनर म्हणत होते, “अजून एक, निघेल!” निघाला. त्याच्यासोबत कंबरही निघाली. सहा आठवडे मोजे घालायला खाली वाकता येत नव्हतं. दोष त्यांच्या एकट्याचा नाही. मागून टाळ्या पडतायत म्हटल्यावर बार खाली ठेवायचा धीर मला झाला नाही. वहीत त्या सहा आठवड्यांची पानं कोरी आहेत. मी ती फाडली नाहीत. परत आलो तेव्हा पाच महिन्यांत कमावलेलं महिन्याभरात हाताशी आलं. ‘मसल मेमरी’ म्हणतात ती ही. एकदा वाढलेला स्नायू दुसऱ्यांदा वाढताना पहिल्यापेक्षा लवकर वाढतो.

मग कपड्यांची पाळी आली. शर्ट पोटावर सैल आणि खांद्यात घट्ट. पट्ट्याला नवीन भोक. वजनकाट्याला मात्र पत्ताच नाही, ८४ चे जेमतेम ८१. चरबी किती गेली आणि स्नायू किती आला, हे त्याला वेगळं सांगता येत नाही, आणि आपण मात्र रोज सकाळी त्याच्याच तोंडाकडे बघत बसतो.

त्यानंतर माणसं. सातव्या महिन्यात कामावरच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बरं नाही का? उतरलात हो फार.” इतके महिने घाम गाळून मिळालेली पहिली दाद ही!

आणि मी? मला काही दिसतच नव्हतं. चौथ्या वर्षी हौसेने शरीरसौष्ठवाच्या एका छोट्या स्पर्धेत चाळिशीवरच्या गटात उतरलो. १६ आठवडे कटिंग केलं, म्हणजे खाणं आवळून चरबी उतरवली, वजन ६८ वर आणलं. शेवटच्या आठवड्यात झोप उडाली, चिडचिड इतकी की घरचे माझ्याशी चिठ्ठीनेच बोलले असते तर बरं. त्या दिवशी अंगाला गडद रंग फासून, तेल लावून मी स्टेजमागे उभा होतो, पोटावरची प्रत्येक रेघ मोजता येत होती, आणि तिथवर येणाऱ्या दहा-बारा पायऱ्या चढताना मी दोनदा थांबलो होतो. आयुष्यात सर्वांत ताकदवान दिसलो तो माझा सर्वांत दुबळा दिवस होता. साइड चेस्टची, म्हणजे छाती बाजूने दाखवायची पोझ धरली आणि मांडीत गोळा आला. सहा जणांत पाचवा आलो.

नंतर सँडोच्या स्पर्धेबद्दल वाचलं. युजेन सँडो या त्या काळच्या गाजलेल्या ताकदवान माणसाने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. आज मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठवाची नावाजलेली स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळते ती मूर्ती त्याचीच. तिथे परीक्षकांनी नुसता आकार बघायचा नव्हता; अवयवांचा समतोल, त्वचेची स्थिती आणि एकंदर आरोग्य यांचाही विचार होता. आरोग्य! त्या निकषावर मला पाचवा नंबरही मिळाला नसता.

त्या दिवशीचा फोटो लोकांना फार आवडतो. मला त्यात फक्त पोटऱ्या दिसल्या, बारीक. बाकीचा माणूस दिसलाच नाही. अंगावर एवढं कमावूनही आपण किरकोळच आहोत असं वाटत राहतं, ते हाताबाहेर गेलं की त्याला मानसोपचारात नाव आहे, मसल डिसमॉर्फिया. हॅरिसन पोप हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९७ मध्ये मांडलं. मी तिथवर पोचलो नव्हतो. पण त्या रस्त्यावर काय दिसतं याचा अंदाज आला. स्पर्धेचं फॉर्म पुन्हा भरलं नाही, रविवारची टेपही बंद केली. वही ठेवली. वजन आपोआप ७५ वर येऊन थांबलं, झोप परत आली.

त्यानंतर वर्षभराने कधीतरी, बहिणीचा मुलगा जमिनीवर खेळता खेळता माझ्या मांडीवर झोपला. त्याला डाव्या खांद्यावर घेतलं, उठलो, आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि परत येऊन बोलणं पुढे चालू केलं. बहीण म्हणाली, “हात न टेकता उठलास?” मला आठवावं लागलं. खरंच टेकला नव्हता. मग हिशेबी डोकं चालू झालं: पोराचं वजन किती? वीस किलो, ती म्हणाली. म्हणजे तो रिकामा बार, झोपलेला, आणि डाव्या बाजूला.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर: वहीला आठ आठवडे, पट्ट्याला सहा महिने, कामावरच्या बाईंना सात, मला पाच वर्षं.

डावा हात तसा अजून मागेच आहे. काल डंबेल प्रेसला उजव्याने दहा काढले, डाव्याने नऊ. वहीत दोन्ही लिहिले.