सर पहिल्यांदा बुडालेल्या जहाजावर उतरले तेव्हा

आमच्या स्कूबा डायव्हिंगच्या क्लबात एक नियम आहे. डाइव्ह कुणीही, कधीही, कारण न सांगता थांबवू शकतो. त्या दिवशी त्याला कुणी ‘का?’ म्हणून विचारायचं नाही. नव्या माणसाला आम्ही हे सगळ्यात आधी सांगतो. तो मान डोलावतो. पण सगळे खाली निघालेले असताना स्वतःचा अंगठा वर करणं फार थोड्या नवख्यांना जमतं. या वेळी सरांनी ते केलं, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला.

सर कुडाळकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. तारकर्लीला त्यांचा ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला होता, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे खडकही पाहून झाले होते. आता त्यांना जहाज बघायचं होतं. मला म्हणाले, “ताई, मला न्याल का?” मग गोव्यात ग्रँड आयलंडजवळच्या सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर जायचं ठरलं. हे जहाज कधीच मोडून तळावर पसरलंय. वर छप्पर नाही, आत शिरायचा प्रश्न नाही आणि खोली दहा-बारा मीटरच्या आसपास. जहाजाच्या पोटात शिरायला वेगळं शिक्षण लागतं. ते नसलेल्याला कुणी “चला, जरा आत डोकावू” म्हणालं, तर त्याच्याबरोबर परत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारीख आम्ही तिथी बघून ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त आणि गाळ उठलेला, त्यामुळे अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस गाठायचे. त्यातही भरती पुरी होऊन पाणी थांबतं, तेवढ्यात उतरायचं. एवढं करूनही या पाण्यात चार-पाच मीटर लांबचं दिसलं तरी आम्ही खूश असतो. निळंशार पाणी बघून आलेल्याला हे आधीच सांगितलेलं बरं.

आदल्या रात्री वास्कोत जेवणं झाल्यावर काकांनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या डायव्हरनी, सेंट जॉर्ज रीफ या समुद्रातल्या खडकांची गोष्ट काढली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथे बुडालेल्या जहाजाचा माल सापडला. कौलं, विटा, नक्षीदार खांबांचे मातीचे भाग, आणि त्यावर शिक्का ‘बासेल मिशन टाइल वर्क्स 1865’. सर एकदम सरसावून बसले. आपल्याकडे घराघरांवर चढलेली मंगलोरी कौलं, ती बनवायला सुरुवात केली याच मिशनने. काकांचं पुढचं वाक्य मात्र नेहमीचं होतं. खाली काहीही उचलायचं नाही. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हा एक भाग. पण वस्तू कुठे आणि कशाशेजारी पडलीय यावरूनच अभ्यासकांना जहाजाची कथा लागते. ती जागेवरून हलली की कथा तुटते. मला हे कारण कायद्याहून मोठं वाटतं.

सकाळी बायण्याहून बोट सुटली. सरांची बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, मी होते. जॅकेटमध्ये हवा भरते ना, रिकामी होते ना, वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो ना, सिलिंडरमधल्या हवेचा दाब दोनशे बारच्या जवळ, म्हणजे तो पुरा भरलेला आहे ना आणि माझी हवा संपली तर त्यांचा जादा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायला तोंडात धरायचं साधन, मला कुठे सापडेल, हे सगळं हात लावून तपासलं. मग नांगराच्या दोराला धरून खाली निघालो.

तीन-चार मीटरवर सर थांबले. कानाकडे बोट, पंजा डावी-उजवीकडे हलवून ‘गडबड आहे’. मी त्यांना मीटरभर वर घेतलं, नाक दाबून कान मोकळे करायला लावले, पुन्हा खाली निघालो. पुन्हा तेच. बुडबुडे आता लागोपाठ सुटत होते. श्वास वाढला होता. खाली बाकीच्यांच्या टॉर्चचे उजेड पुसट होत चालले होते. सरांनी एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली या खुणेचा अर्थ एकच, वर चला. आम्ही सावकाश वर आलो.

बोटीवर तांडेलने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, लिंबूपाणी दिलं. बाकीचे वर आले, त्यांनी गोबरा मासा पाहिल्याचं सांगितलं आणि कुणीही काही विचारलं नाही. कोल्हापूरच्या एका पोराने मायेपोटी सर्दीची गोळी पुढे केली, ती काकांनी परत ठेवायला लावली. गोळीचा असर खाली असताना उतरला, तर वर येताना कानात हवा अडकते. ते दुखणं जास्त वाईट.

मग काकांनी पाण्याची रिकामी बाटली घेतली, बूच घट्ट लावलं आणि वजनाच्या दोराला बांधून सोडली. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तेव्हा बाटलीतली हवा अर्ध्यावर येणार, हे सर वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आलेत. पण दोर सोडताना काकांचं म्हणणं होतं की सगळ्यात झपाट्याने ती वरच्या काही मीटरातच चेपते, आणि आपल्या कानामागची हवाही तशीच. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. पाण्याच्या वरच कान एकदा मोकळे करायचे, मग हात-हातभर उतरत दर वेळी, पाय खाली आणि डोकं वर ठेवून, जबडा हलवत. जोर लावायचा नाही. नाहीच सुटले तर आजचा दिवस बोटीवर.

दुसऱ्या खेपेला इतरांना आधी जाऊ दिलं. मी आणि सर दोर धरून हात-हातभर उतरलो. मला घाई नव्हती, आणि ती नाही हे त्यांना दिसावं म्हणून मी मुद्दाम त्यांच्या समोर, डोळ्याला डोळा राहील अशी होते. वाटेत ती चेपलेली बाटली लागली. सरांनी तिला बोटाने टिचकी मारली आणि ओके केलं.

मग खालून गडद काहीतरी वर आल्यासारखं झालं. लोखंडी पत्रा. त्यावर कालवं इतकी दाट बसलेली की लोखंड फक्त कडेला दिसतं, तिथे गंजाचे पापुद्रे सुटलेले. पलीकडे जहाजाच्या फासळ्या एका रांगेत वाळूतून वर आलेल्या, आणि त्यांच्यामधून तांबोशी माशांचा थवा जात होता. एवढ्या खोलीवर लाल रंग मरतो, त्या राखाडीच दिसतात. मी टॉर्च लावला आणि त्या लालभडक झाल्या. सरांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला, विझवला, परत लावला. असं किती वेळ चाललं असेल! एका पत्र्याखाली लायनफिश उलटा लटकला होता, म्हणून त्यांचा हात मी तिथून बाजूला केला. त्याच्या पंखांच्या काट्यांना विष असतं. फासळ्यांना तुटलेलं नायलॉनचं जाळंही अडकलेलं होतं. त्याला मोठा वळसा घातला. सुरी जवळ असते, पण वापरायची वेळच येऊ नये.

शंभर बार, म्हणजे अर्धी हवा उरल्याची खूण सरांनी न विचारता केली. परत फिरलो. पाच मीटरवर तीन मिनिटं दोर धरून थांबलो आणि वर आलो.

लॉगबुक भरताना सर म्हणाले, “ताई, सकाळची ती लिहायची का? ती डाइव्ह झालीच कुठे!” काकांनी परस्पर सांगितलं, “सर, ती आधी लिहा.” त्यांनी लिहिली. खोली, वेळ, आणि शेऱ्यात ‘कान सुटले नाहीत, वर आलो’. त्याखाली मी बडी म्हणून सही केली.

संध्याकाळी पांगापांग. डाइव्हनंतर विमानासाठी अठरा तास थांबतात, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. घाट चढणंही त्यातलंच. आंबोली जवळजवळ सातशे मीटरवर आहे. त्यामुळे कोल्हापूरकर वास्कोतच मुक्कामाला राहिले. सरांना घाट लागत नाही. सोमवारी शाळा होती, ते पत्रादेवीमार्गे रात्रीच कुडाळला गेले. जाताना मेच्या आतला भांग कधी आहे ते विचारून घेतलं.