ॲप नसलेला फोन: लुमियावर काढलेली वर्षं

कराडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. २०१३ साली नोकियाचा लुमिया ५२० घेतला आणि २०१९ संपेपर्यंत तोच वापरला. विंडोज फोन, म्हणजे अँड्रॉइडऐवजी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीवर चालणारा. त्यावर काय काय चालत नव्हतं याची यादी लांबलचक होईल. त्यातून वाट काढताना जे हाती लागलं, ते अजूनही अशाच बाजूला पडलेल्या फोनवर दिवस काढणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: फोन उत्तम होता. रॅम जेमतेम ५१२ एमबी, पुढचा कॅमेरा नाही, फ्लॅश नाही. पण त्याच किमतीचे अँड्रॉइड फोन तेव्हा पावलोपावली अडकत, आणि हा कधी अडखळला नाही. मागचं कव्हर काढून बॅटरी आपल्या हाताने बदलता यायची. नकाशांचं सुख तर विचारू नका. हिअर मॅप्समध्ये नकाशा घरीच उतरवून ठेवायचा आणि निघायचं. कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरताना रेंज जाते. गाडीतल्या सगळ्यांचे फोन गप्प झाले तरी माझा फोन पुढचं वळण सांगत असायचा. जगात सगळ्यात जास्त विकला गेलेला विंडोज फोन हाच. तरीही तो माझ्या हातातच म्हातारा झाला, आणि त्यात फोनचा काही दोष नव्हता.

ॲप का येत नाहीत, याचं सरधोपट उत्तर मिळायचं की वापरणारे कमी. ते खरं आहे, पण अर्धंच. ॲप बनवणाऱ्यांची बाजू मी नंतर समजून घेतली. या प्रणालीच्या ७ क्रमांकाच्या आवृत्तीसाठी ज्यांनी ॲप लिहिलं त्यांना ८ आल्यावर तिच्या नव्या सोयी वापरायच्या तर पुन्हा बरंच लिहावं लागलं, कारण आतली यंत्रणाच बदलली. ७ वाल्या फोनना ८ मिळालंच नाही. मग २०१५-१६ मध्ये विंडोज १० मोबाइल आलं, तेव्हा परत नवी पद्धत. माझ्या ५२० ला तेही अधिकृतपणे मिळालं नाही, मी ८.१ वरच राहिले. एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी दर दोन-तीन वर्षांनी घर पाडून पुन्हा कोण बांधणार? अँड्रॉइडची ॲप विंडोजवर आणण्याची ‘अस्टोरिया’ नावाची योजना मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जाहीर केली होती. मी फार आशेने वाट पाहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती रद्द झाली.

यूट्यूबचं उदाहरण मला जवळचं, कारण वर्गात दाखवायला प्रयोगांचे व्हिडिओ लागतात. गूगलने विंडोज फोनसाठी पूर्ण ॲप काढलं नव्हतं, म्हणून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक बनवलं. दोन कंपन्यांचं त्यावरून बिनसलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते ॲप बंद पाडलं गेलं. शेवटी कामी आली ती बाहेरच्या लोकांनी लिहिलेली ॲप. मायट्यूब नावाचं एक होतं, तेच माझ्या वर्गात चाललं. इन्स्टाग्रामसाठी रूडी ह्यून नावाच्या एका फ्रेंच प्रोग्रामरने ‘सिक्सटॅग’ लिहिलं होतं. एकटा माणूस कंपन्यांनी टाकून दिलेली कामं करत होता, आणि ती उत्तम करत होता. या माणसांबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो. अशा फोनवर असाल तर पहिली गोष्ट ही करा: मूळ कंपनीचं ॲप नाही म्हणून थांबू नका, त्याच कामाचं दुसऱ्या कुणी लिहिलेलं ॲप शोधा. मात्र त्यात बँकेचा पासवर्ड कधी घालू नका.

गाणी, फोटो, खेळ यावाचून माझं काही अडलं नाही. अडलं ते पैशाशी.

माझ्या बँकेचं विंडोजसाठी एक जुनं ॲप होतं. एके दिवशी ते ‘नवी आवृत्ती घ्या’ म्हणू लागलं, आणि स्टोअरमध्ये नवी आवृत्ती नव्हतीच. बँकेच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी माझा फोन हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “मॅडम, अँड्रॉइड घ्या ना एखादा.” ग्राहक सेवेला फोन लावला तर तिथेही तेच. फोनच्या ब्राउझरमधून नेट बँकिंग करून पाहिलं. लॉगिन व्हायचं, पण ओटीपीच्या पानावर बटणच दाबलं जायचं नाही. काही दिवस शाळेतल्या संगणकावरून निभावलं. पण पगाराचं खातं सगळ्यांच्या ये-जा असलेल्या खोलीत उघडून बसणं मला पटत नव्हतं.

अशातच ८ नोव्हेंबर २०१६ उजाडला. पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या, एटीएमसमोर रांगा लागल्या, मिळालीच तर दोन हजाराची नोट, आणि ती मोडून द्यायला भाजीवाल्याकडे सुटे नाहीत. धाकटा भाऊ तेव्हा पुण्यात शिकत होता. त्याच्या मेसचे पैसे मी दर महिन्याला पाठवायचे. त्याच्या मेसच्या काकांनी सांगून टाकलं, रोख नसेल तर खात्यात टाका, पण वेळेवर टाका. ३० डिसेंबरला भीम ॲप आलं. भावाचा लगेच फोन. “ताई, भीम टाक, दोन मिनिटांत पैसे येतील.” मी स्टोअर उघडलं. भीम फक्त अँड्रॉइडवर होतं. आयफोनवर ते दीड-दोन महिन्यांनी आलं. विंडोजवर कधीच आलं नाही.

मला तेव्हा खरोखर राग आला. चैनीच्या वस्तूसाठी आला नव्हता. रोख मिळत नाही म्हणून देशाला सांगितलं जातं की मोबाइलवरून व्यवहार करा, आणि त्या व्यवहाराचं दार दोन कंपन्यांच्या फोनपुरतंच उघडतं, हे मला चुकीचं वाटलं. अजूनही वाटतं.

पण भीमच्या बातम्या वाचतानाच *९९# बद्दल कळलं. ही सेवा आधीपासून होती. भीम आलं त्याच सुमारास तीही यूपीआयला जोडली गेली. इंटरनेट नको, ॲप नको, साधा बटणांचा फोनसुद्धा चालतो. आपण बॅलन्स तपासायला जसा क्रमांक लावतो तसा *९९# लावायचा, की पडद्यावर यादी येते. मराठीसाठी *९९*२८# असा वेगळा क्रमांक होता. तेव्हा एका व्यवहाराला पाच हजारांची मर्यादा होती आणि शुल्क जास्तीत जास्त ५० पैसे होतं. मेससाठी तेवढं पुष्कळ होतं.

हे सुरू कसं केलं ते नीट सांगते, कारण याची माहिती तेव्हा कुणाकडेच धड नव्हती. पहिली अट, हातातल्या फोनमधलं सिम तेच हवं ज्याचा नंबर बँकेत नोंदवलेला आहे. माझा बँकेतला नंबर जुना होता, त्यामुळे फॉर्म भरून तो बदलून घेण्यात बरेच दिवस गेले. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. मग *९९# लावला की बँकेचं नाव विचारतात. आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं टाकली तरी चालतं. त्या नंबरला जोडलेली खाती दिसतात, त्यातलं एक निवडायचं. मग पिन ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष.

इथे खरी झटापट होते. पडद्यावरची ती चौकट फार वेळ उघडी राहत नाही. तुम्ही कार्ड शोधायला पर्समध्ये हात घातला की ती बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी वहीच्या पानावर सगळं क्रमाने लिहून समोर ठेवायचे: यादीतला कुठला आकडा दाबायचा, भावाचा खाते क्रमांक, त्याच्या बँकेचा आयएफएससी, रक्कम. पिन तेवढा लिहायचा नाही. आयएफएससीत पाचवी जागा शून्याची असते, इंग्रजी ‘ओ’ नाही. त्या एका जागी फार जणांचे पैसे अडतात. आणखी एक, संध्याकाळी नेटवर्कवर गर्दी असली की ‘जोडणी होऊ शकत नाही’ असा निरोप यायचा. सकाळी शाळेला निघण्याआधी हमखास जमायचं. मधेच चौकट बंद झाली तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी शिल्लक तपासा, पैसे वजा झालेत का बघा, मगच पुढचं.

पहिल्यांदा भावाला पैसे गेले तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. “ताई, तू कुठल्या ॲपवरून पाठवलेस?” म्हटलं, कुठल्याच नाही. पुढे स्टाफरूममधल्या दोघीतिघींना मी हे शिकवलं. त्यांच्याकडे साधे बटणांचे फोन होते, त्यांना तर ही सेवा फारच सोयीची पडली. माझं मत यातून पक्कं झालं. सगळ्यांसाठीची सेवा सगळ्या फोनवर चालेल अशी बनवता येते, बनवणाऱ्याने तसं ठरवलं पाहिजे.

शाळेतही हाच अनुभव आला, आणि तिथे वाट सोपी निघाली. सप्टेंबर २०१७ मध्ये शिक्षकांसाठी दीक्षा ॲप आलं, तेही अँड्रॉइडवर. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांजवळ क्यूआर कोड छापून येऊ लागले. सहकारी फोन धरून स्कॅन करायचे आणि मी बघत बसायचे. मग लक्षात आलं, कोडच्या चौकटीला लागूनच सहा अक्षरांचा एक संकेत छापलेला असतो. दीक्षाच्या संकेतस्थळावर तो टाइप केला की तेच साहित्य उघडतं. शाळेच्या संगणकावर मी तसंच करू लागले, आणि प्रोजेक्टरला जोडलेलं असल्याने ते अख्ख्या वर्गाला दिसायचं. ज्याने तो सहा अक्षरांचा संकेत छापायचं ठरवलं, त्याने स्कॅन न करता येणाऱ्यांचा विचार केला होता.

माझ्या फोनवरच्या ८.१ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ११ जुलै २०१७ ला संपला होता, पण फोन चालू होता म्हणून मी चालू ठेवला. शेवट आला तो व्हॉट्सॲपमुळे. ३१ डिसेंबर २०१९ नंतर ते कुठल्याच विंडोज फोनवर चालणार नाही, हे आधीच जाहीर झालं होतं. पालकांचा गट, शाळेच्या सूचना, सगळं त्यावर. त्याशिवाय काम होणं शक्य नव्हतं. आणि १६ डिसेंबरला ८.१ चं स्टोअरही बंद होणार होतं. म्हणजे फोन एकदा रिसेट केला की पुन्हा एकही ॲप घेता येणार नाही. कुणी सांगितलं ‘रिसेट करून बघा’ तरी ऐकायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

अँड्रॉइड फोन आणला तेव्हा कळलं की विंडोज फोनवरचा चॅटचा बॅकअप तिथे उतरतच नाही. दोन्हींची बॅकअपची पद्धत वेगळी. उपाय एकच, प्रत्येक संभाषण उघडायचं आणि ते ईमेलने स्वतःला पाठवायचं. मजकुराची फाइल येते. नाताळच्या सुट्टीत मी रोज थोडी थोडी काढत बसले. सगळी काढली नाहीत. आई, भाऊ, दोन मैत्रिणी आणि पालकांचा गट, एवढीच. फोटो केबल लावून लॅपटॉपवर घेतले. आईचे आवाजातले निरोप भावाच्या नंबरवर फॉरवर्ड केले आणि मग नव्या फोनवर त्याच्याकडून परत मागवले. संपर्क आणि एसएमएस मेमरी कार्डावर उतरवणारं एक छोटं ॲप फोनमध्ये होतं, त्याने संपर्कांची फाइल करून दिली आणि ती नव्या फोनने विनातक्रार घेतली. एसएमएस मात्र त्याला वाचता आले नाहीत. ते लॅपटॉपवर तसेच पडून आहेत.

नव्या फोनवर पहिल्या दिवशी भीम टाकलं. त्याने सिम तपासलं, मी बँक निवडली, खातं समोर आलं. नवा पिन ठरवावा लागेल म्हणून मी डेबिट कार्ड काढून ठेवलं होतं. ते लागलंच नाही. यूपीआयचा पिन खात्याला जोडलेला असतो, ॲपला किंवा फोनला नाही. लुमियावर *९९# लावून ठरवलेला पिन टाकला, आणि शिल्लक दिसली.