जुन्या बाजारातला डबा

नारायण पेठेतलं वडिलांचं दुरुस्तीचं दुकान आता मी चालवते. एका बुधवारी दुपारी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा जुन्या बाजारातून थेट माझ्याकडे आला. काखेत आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आणि पिशवीत लोखंडी डबा, चांगला सात-आठ किलोचा. "ताई, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळाला! आता रेडिओला मोबाइल जोडायचाय. एवढी वायर बदलून द्या." आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणजे ज्याचं आउटपुट मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, तारेने जोडलेलं नसतं असा.

रेडिओचं मागचं पुठ्ठं काढून मी व्हॉल्व्हवरचे नंबर वाचले. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५. 'यू'चे व्हॉल्व्ह म्हणजे सगळे फिलामेंट, आतल्या तापणाऱ्या तारा, सिरीजमध्ये म्हणजे एकामागे एक, १०० मिलिअँपिअरवर. १९, १९, ४५ आणि ३८ मिळून १२१ व्होल्ट, मेन्सचे बाकीचे व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्समध्ये जिरतात. आत मेन्स ट्रान्सफॉर्मर नाहीच. चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, सरळ प्लगच्या एका पिनेला जोडलेली. एक नॉब गळून पडला होता, त्या उघड्या दांडीला टेस्टर लावला तर पेटला. प्लग उलटा घातला, विझला. मोबाइलच्या वायरची ग्राउंड याच चॅसिसला जाणार होती. प्लग कोणत्या बाजूने घातला एवढ्यावर त्या मोबाइलमध्ये २३० व्होल्ट येणार की नाही ते ठरणार.

हे त्या मुलाला माहीत होतं, म्हणूनच तो आयसोलेशनच्या मागे लागला होता. त्याच्या वयाच्या पोराने इतका विचार केलेला पाहून मला फार बरं वाटलं. त्याचा विचार बरोबर होता, डबा चुकीचा होता.

डब्यावर पाच टप्प्यांचा फिरता स्विच बघूनच मला शंका आली. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक प्रोब इनपुटच्या वायरला आणि दुसरा आउटपुटच्या वायरला लावला. आयसोलेशन असतं तर मीटरने काहीच दाखवायला नको होतं. दाखवले ०.४ ओहम. हा जुना हाताने फिरवायचा स्टॅबिलायझर होता, म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर. एकच वाइंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, त्यालाच मध्ये मध्ये टॅप काढलेले. व्होल्टेज कमी-जास्त करायच्या डिमरस्टॅटचंही तसंच. व्होल्टेज कमी-जास्त होतं, पण आउटपुट मेन्सला जोडलेलंच राहतं.

"पण दुकानदार म्हणाला, आयसोलेशनच आहे."

मी वाद घातला नाही. १५ वॉटचा दिवा घेतला, एक टोक दुकानाच्या अर्थिंगला आणि दुसरं डब्याच्या आउटपुटला. दिवा क्षणभर लकाकला आणि माझी ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच, खाडकन उडाली. दुकानात अंधार. मुलगा एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या घरी ईएलसीबी नाहीये."

मग शटर अर्धं ओढून त्याला बुधवार पेठेत आमच्या वाइंडिंगवाल्याकडे घेऊन गेले. तपकीर गल्लीत तयार माल मिळतो, पण मला हा करूनच घ्यायचा होता. प्रायमरी (मेन्सकडची वाइंडिंग) आणि सेकंडरी (आउटपुटची) एकमेकींवर न गुंडाळता दोन कप्प्यांच्या बॉबिनवर, म्हणजे रिळावर, वेगवेगळ्या, म्हणजे इन्सुलेशन जळालं तरी तारा एकमेकींना भिडत नाहीत. कोअर आणि डबा अर्थिंगला. "रेडिओ ५० वॉटचा, मग १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेल ना?" मुलाने विचारलं. चांगला प्रश्न. यूवाय ८५ हा हाफवेव्ह रेक्टिफायर, सायकलच्या एकाच अर्ध्या भागात करंट ओढणारा. त्यामुळे कोअर एका बाजूला ताणला जातो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. म्हणून मी २५० व्हीए सांगितला. वजन आणि पैसे जास्त गेले, पण इथे काटकसर मला पटत नाही.

शनिवारी ट्रान्सफॉर्मर आला. आधी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला, काटा अनंतावर. मग मेन्स दिला आणि मल्टिमीटरने सेकंडरी ते अर्थिंग मोजलं तर ८५ व्होल्ट! मुलाचा चेहरा उतरला. मी तोच दिवा तिथे जोडला. उजेडाचा मागमूस नाही, ईएलसीबीही जागेवर. दोन वाइंडिंगमध्ये थोडी कपॅसिटन्स असतेच, तारा जोडलेल्या नसल्या तरी तिच्यातून अगदी बारीक करंट जातो. डिजिटल मीटरला नावापुरताच करंट लागत असल्याने तो तेवढ्यावरही आकडा दाखवतो. दिव्याला खरा करंट लागतो.

मग त्याला समोर बसवून एक गोष्ट दोनदा सांगितली. या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे ईएलसीबी तुला वाचवणार नाही. सेकंडरीच्या दोन्ही तारा एकदम हातात आल्या, तर करंट एकीतून जाऊन दुसरीतून परत येतो आणि ईएलसीबीला ते नेहमीच्या लोडसारखंच दिसतं. रेडिओच्या आतले एचटीचे, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारे, दोनशेच्या वरचे डीसी व्होल्टही तसेच धोक्याचे असतात. उघडा सेट तपासताना डावा हात खिशात, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही.

रेडिओ लावला. फिलामेंट तांबडे व्हायला अर्धा मिनिट गेला, आणि ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लागलं. मुलगा टेस्टर घेऊन त्या उघड्या दांडीकडे वाकला. डावा हात आधीच खिशात गेला होता.

स्टॅबिलायझर त्याने माझ्याकडेच ठेवला. मी त्याची वायर मुळापासून कापली आणि डब्यावर जाड मार्करने लिहिलं: ऑटो. आयसोलेशन नाही.