तिसरा प्रश्न

न्यू जर्सीतल्या आमच्या व्यसनमुक्ती क्लिनिकमध्ये त्या दुपारी पेशंट कमी होते. नव्याने रुजू झालेल्या एपीएनचा डीईएचा अर्ज भरायला आम्ही दोघी बसलो. एपीएन म्हणजे औषधं लिहून देऊ शकणारी नर्स, आणि डीईए म्हणजे नियंत्रित औषधांवर लक्ष ठेवणारी अमेरिकेची केंद्रीय यंत्रणा. पण मॉर्फिन, ऑक्सिकोडोन किंवा आमच्याकडे रोज लागणारं, अफूवर्गीय व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन अशी नियंत्रित औषधं लिहायची तर नुसतं लायसन्स पुरत नाही. आधी राज्याची सीडीएस, म्हणजे नियंत्रित औषधांची, नोंदणी, मग केंद्राच्या डीईएची. 2023 पासून ब्युप्रेनॉर्फिनसाठी वेगळी परवानगी लागत नाही, मात्र डीईए नंबर हवाच, आणि नंबर मागताना आठ तासांचं प्रशिक्षण झाल्याचंही सांगावं लागतं. आमच्याकडे लिहिणारे हात कमी, त्यामुळे तिच्या नंबरची मीही तिच्याइतकीच वाट बघत होते.

ती नाशिककडची, मला ताई म्हणते. नाव, पत्ता, सीडीएस नंबर भराभर झालं. मग लायबिलिटीचे, म्हणजे आधी काही कारवाई झाली आहे का याचे, प्रश्न आले. नियंत्रित औषधांबाबत कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का? नाही. डीईए नोंदणी कधी रद्द किंवा निलंबित झाली आहे का? नाही. तिसरा प्रश्न राज्याच्या लायसन्सचा: ते कधी रद्द, निलंबित किंवा मर्यादित झालं, नाकारलं गेलं किंवा प्रोबेशनवर, म्हणजे अटींसह देखरेखीखाली, ठेवलं गेलं का? तिथेही तिने 'नाही' निवडलं आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

"ताई, प्रोबेशन संपलेलं असेल तर?"

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या राज्यात ती आयसीयूत आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, होती. फेंटानिल या कडक वेदनाशामकाच्या व्हायलमध्ये (कुपीत) उरलेलं औषध टाकून देताना दुसऱ्या नर्सने समोर उभं राहून बघायचं आणि सही करायची असते. रात्रपाळीला माणसं कमी. हिने औषध टाकून दिलं, सही नंतर घेऊ म्हणाली, आणि त्या सह्या कधी झाल्याच नाहीत. ऑडिटमध्ये अशा बऱ्याच नोंदी निघाल्या. औषध पळवल्याचा पुरावा नव्हता, तिच्या तपासण्याही स्वच्छ आल्या, तरी तिथल्या नर्सिंग बोर्डाने लायसन्स एक वर्ष प्रोबेशनवर ठेवलं. ते तिने पूर्ण केलं. न्यू जर्सीच्या बोर्डाला तिने हे सगळं सांगितलंही होतं. केंद्राला पुन्हा कशाला, असं भरतीच्या एजंटने तिच्या डोक्यात भरवलं होतं. घरच्यांचंही तेच, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"अगं, मूठ झाकलेली आहेच कुठे?" मी म्हटलं. नर्सिस या, नर्सच्या लायसन्सची माहिती देणाऱ्या साइटवर तिचंच नाव टाकायला लावलं. बोर्डाच्या कारवाईची नोंद समोर उभी राहिली, कुणालाही फुकट दिसेल अशी. तिचा चेहरा उतरला.

खोटी माहिती दिल्यास चार वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, हे त्या अर्जावरच छापलेलं आहे. गोष्ट तिथवर जावो न जावो, महत्त्वाची बाब खोटी सांगितली एवढ्यावरही डीईए नोंदणी काढून घेऊ शकतं. 'हो' म्हटलं की मात्र अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. तो तपास अधिकाऱ्याकडे जातो आणि तो खुलासा वाचतो. असले एजंट नर्सचं केवढं नुकसान करतात, हे मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवलं.

खुलाशात चार गोष्टी द्यायच्या असतात: तारीख, ठिकाण, काय घडलं, निकाल काय लागला. तिने पहिल्यांदा लिहिलं त्यात मॅनेजरचा जाच होता, जादा पाळ्या होत्या, आईचं आजारपण होतं. सगळं खरंच असणार. तरी मी ते काढायला लावलं, कारण वाचणाऱ्याला आधी घटना कळायला हवी. एका ओळीवर ती अडून बसली. तिला 'सह्या राहून गेल्या' असं लिहायचं होतं. बोर्डाच्या आदेशात 'साक्षीदाराच्या सहीविना औषध टाकले' असं होतं. शेवटी आदेशातलेच शब्द ठेवले. पुढे फक्त एवढंच: औषध पळवल्याचा निष्कर्ष नाही, प्रोबेशनच्या सर्व अटी पूर्ण, लायसन्सवर आज कोणतंही बंधन नाही.

"त्या काळात मी नैराश्याच्या गोळ्या घेत होते. तेही लिहू?"

नाही, ठामपणे नाही. हा अर्ज आजार विचारत नाही, उपचारही विचारत नाही. झालेली कारवाई विचारतो. मला हे अगदी योग्य वाटतं. आमच्या पेशंटांत नर्सही असतात. नोकरी जाईल या धास्तीने त्या किती उशिरा येतात ते मी बघते. उपचार घेतल्याची कबुली अर्जात मागायला लागले, तर त्या येणारच नाहीत.

अर्ज गेला. काही आठवड्यांनी तपास अधिकाऱ्याचा फोन आला. त्याने आदेशाची प्रत मागितली आणि औषध टाकण्याची नोंद आता कशी करतेस, एवढंच विचारलं. तिने न अडखळता सांगितलं. नंबर मिळाला, नर्सना मिळतो तसा 'एम'ने सुरू होणारा. त्याच आठवड्यात तिने पहिलं ब्युप्रेनॉर्फिन लिहिलं.

ही नोंदणी तीन वर्षांची. नूतनीकरणाला तोच प्रश्न पुन्हा येणार आणि उत्तर तेव्हाही 'हो'च असणार. म्हणून खुलासा, बोर्डाचा आदेश आणि प्रोबेशन संपल्याचं पत्र, तिन्ही एका फाइलमध्ये लावून ठेवायला सांगितलं आहे. राज्य असो की केंद्र, मजकूर एकच जायला हवा.