रतन सुत्ताच्या वाटेवर: राजगीर ते वैशाली

राजगीरहून निघाल्यावर सातव्या दिवशी पहाटे आम्ही गंगेवरच्या महात्मा गांधी सेतूवर आलो. पुढे भंतेजी, मागे आम्ही उपासक-उपासिका. पूल साडेपाच किलोमीटरहून लांब. खाली धुकं, शेजारून ट्रक. एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा जो तो मनातल्या मनात रतन सुत्त, म्हणजे बुद्ध-धम्म-संघ या तीन रत्नांचं पाली सुत्त, म्हणू लागला.

ही वाटच त्या सुत्ताची. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या पाली भाष्यात आहे, की वैशालीत दुष्काळ पडला, मग रोगराई आली. तिथल्या लिच्छवी राज्यकर्त्यांनी राजगृहाला, म्हणजे आजच्या राजगीरला, निरोप धाडला आणि बुद्ध निघाले. त्यांना पोचवायला बिंबिसार राजा गंगेत गळाभर पाण्यात उतरला. वैशालीत बुद्धांचे शिष्य आनंद भंते बुद्धांच्या भिक्षापात्रातलं पाणी शिंपडत, सुत्त म्हणत तटाकडेने फिरले. त्या कथेत बुद्ध येताच पाऊस पडतो, तो चमत्कार मला पटत नाही, बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात तो बसतही नाही. पण रोगाने पोखरलेल्या नगरात पायी फिरणारा तो भिक्खू मनातून हलत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे आमच्या विहाराला कुलूप लागलं. १४ एप्रिलची जयंती घरातच झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी बंद, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला घरूनच अभिवादन. सुरुवातीला काही जण सुत्त म्हणून पाणी घरोघर वाटायला निघाले होते. भंतेजींनी फोन करून थांबवलं आणि विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातली, गोष्ट सांगितली. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. बुद्धांनी आनंदांना सोबत घेऊन त्याला स्वतः धुतलं आणि सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. "शिंपडू नका, तहानलेल्याला पाजा," भंतेजी म्हणाले.

मग महिला मंडळाने डबे सुरू केले. तरुण पोरांनी रुग्णांना दवाखान्यात नेलं, परक्यांचीही प्रेतं उचलली. माझ्या धाकट्या भावाला खांदा त्यांनीच दिला, मी विलगीकरणात होतो. त्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे मृताच्या नावे करायचा विधी, मोबाईलवर झालं. एका मावशींचा माईक चालू राहिला होता. त्यांचं रडणं सगळ्यांनी ऐकलं, कोणी बंद करा म्हणालं नाही.

वैशालीजवळच्या कोल्हुआच्या सिंहस्तंभापाशी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. पायांना फोड आलेले. सगळे खाली बसले, सुत्त सुरू झालं. 'एतेन सच्चेन सुवत्थि होतु'. या सत्याने कल्याण होवो. खांदा देणाऱ्यांतला एक पोरगा माझ्या शेजारी होता. पाठ संपल्यावर हळूच म्हणाला, "काका, दादाचं नाव घेऊ?"

मी मान हलवली. त्याने घेतलं.