गिदोनाचे तीनशे सावध होते म्हणून निवडले का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बायबल अभ्यासाला शास्ते पुस्तक घेतलं की हा प्रश्न हमखास येतो: मिद्यानी शत्रूंपासून इस्राएलला सोडवणाऱ्या गिदोनाचे ३०० जण पाणी चाटून प्यायले, म्हणजे त्यांची नजर शत्रूवर होती, म्हणूनच देवाने त्यांना निवडलं ना?

सातव्या अध्यायात सावधपणाचा शब्दही नाही. कारण दुसऱ्याच वचनात दिलंय: माणसं जास्त असली तर ‘माझ्याच हाताने मी सुटलो’ अशी बढाई इस्राएल मारील. शूर वेचायचे नव्हते, संख्या घटवायची होती.

मुळात माणूस कसा निवडलाय बघा. देवदूत आला तेव्हा गिदोन द्राक्षकुंडात गहू झोडत होता. मळणी खळ्यावर, वाऱ्याच्या जागी, बैलांच्या पायाखाली व्हायची. द्राक्षकुंड म्हणजे खडकात कोरलेला खड्डा. गव्हाच्या सुगीत तो रिकामा असतो, पण तिथे वारा लागत नाही, बैल फिरत नाहीत. काठीने झोडायचं, तेही थोडंथोडं. पिकं लुटणाऱ्या मिद्यान्यांच्या नजरेला धान्य पडू नये म्हणून ही धडपड. त्यालाच देवदूत ‘बलवान वीरा’ म्हणतो! गिदोनाचं उत्तर: मनश्शे वंशात माझं कुळ सगळ्यांत दुबळं, आणि घरात मी सगळ्यांत धाकटा.

फौज जमली ३२,०००. भित्र्यांनी परत जावं हा मोशेच्या नियमशास्त्राचाच नियम, २२,००० गेले. हे घडलं हरोद झऱ्याजवळ, आणि ‘थरथरणारा’ या अर्थी तिथे आलेला हिब्रू शब्द आहे ‘हारेद’. मराठीत हा खेळ हरवतो, याची खंत वाटते. उरलेल्या १०,००० ना पाण्याकाठी नेलं; चाटून प्यायलेले ३०० तेवढे राहिले, गुडघे टेकून प्यायलेले परत गेले. समोर १,३५,०००, म्हणजे एकास साडेचारशे.

आता हातांत काय होतं ते पाहा. उजव्या हातात रणशिंग, डाव्यात मशाल. तलवार धरायला हातच मोकळा नाही. मशाल रिकाम्या मडक्यात झाकलेली. मडकं फोडलं की ज्वाळा एकदम उघडी पडते. शंभराच्या तीन टोळ्या छावणीभोवती उभ्या. वेळ मधल्या प्रहराची सुरुवात, पहारेकरी नुकतेच बदललेले. शिंगं वाजली, ३०० मडकी फुटली, घोष झाला, पण कुणी जागचं हललं नाही. अंधारात मिद्यान्यांनी एकमेकांवरच तलवारी चालवल्या. त्यांच्यातल्याच एकाला आधी स्वप्न पडलं होतं: सातूची भाकर गडगडत येऊन तंबू उलथवते. सातू म्हणजे गरिबाचं धान्य.

एवढं करूनही लोक चुकलेच. आठव्या अध्यायात ते गिदोनाला म्हणतात, ‘आमच्यावर राज्य कर, कारण तू आम्हाला मिद्यानाच्या हातून सोडवलंस.’ जी बढाई टाळायला ३१,७०० माणसं घरी पाठवली, तीच आता दुसऱ्याच्या नावाने. ‘परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील’ म्हणत गिदोनाने राजपद नाकारलं, पण लुटीतली कुंडलं मागून घेतली. भरली १,७०० शेकेल सोन्याची, आजच्या मापाने साधारण १९ किलो. त्याचं एफोद (याजकाचं अंगावरचं वस्त्र) करून त्याने आपल्या गावी, ओफ्रा इथे ठेवलं, आणि सगळं इस्राएल त्या एफोदाच्याच नादी लागलं.